मदत हवी आहे: हद्दपारीच्या निकालावर अपील
न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला मंगळवारी इमिग्रेशन कोर्टात हद्दपारीचा आदेश झाला. जज्जने विचारलं तेव्हा त्याने अपिलाचा हक्क राखून ठेवला, एवढं नशीब. वकील फोन उचलत नाही (फी घेताना दुसऱ्या रिंगला उचलायचा!). अपिलाचा ईओआयआर-२६ फॉर्म मुदतीच्या आत इमिग्रेशन अपील बोर्डाकडे पोचावा लागतो, नुसता पोस्टात टाकून भागत नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय. कारणांच्या रकान्यात किती तपशील लिहायचा? शिवाय मावशीने साताऱ्याहून आत्ता पाठवलेला एफआयआर मराठीत आहे. बोर्ड अपिलात नवा पुरावा बघत नाही, मग केस परत जज्जकडे पाठवा असा अर्ज सोबतच जोडायचा का? कोणी केलंय का हे? आणि इंग्रजी भाषांतर करून सहीनिशी दाखला देणारं कोणी असेल तर प्लीज आजच कळवा.