हस्तकलेतला पैसा हाताला मिळतो का?

निरगाठ:
हस्तकला आता 'सर्जनशील अर्थव्यवस्थे'त, म्हणजे कल्पकतेवर चालणाऱ्या उद्योगांत मोजतात. पण त्या हिशेबात डिझायनर तेवढा सर्जनशील, करणारा मात्र मजूर. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्रादा' या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या. मूळ कुठलं, याचा उल्लेख नाही. ओरड झाल्यावर मान्य केलं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूच्या नावाला कायद्याचं संरक्षण) होतं ना? काय उपयोग झाला त्याचा?

आडवा_धागा:
मानांकन नावाला संरक्षण देतं, आकाराला नाही. प्रादाने नाव वापरलंच नव्हतं. तेवढ्यावरून मानांकन फुकटचं ठरवू नका. हॅरिस ट्वीड हे स्कॉटलंडचं लोकरी कापड घ्या. ब्रिटनचा १९९३ चा कायदा सांगतो की लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली-कातलेली हवी आणि कापड तिथल्या रहिवाशांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं हवं. कारखान्यात विणलं की ते नाव गेलं. म्हणून तर काम बेटांवर टिकलंय.

निरगाठ:
काम टिकलं, मान्य. पण सूत गिरणीचं आणि ऑर्डरही बहुतेक गिरणीचीच. मग भाव कोण ठरवणार?

पटोळा_प्रेमी:
मला 'डिझाइन वेगळं, हात वेगळा' हेच मुळात पटत नाही. गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्यात, म्हणजे तिथल्या रेशमी साडीत, उभे आणि आडवे, दोन्ही धागे विणायच्या आधीच गाठी बांधून रंगवतात. गाठीखाली रंग शिरत नाही. मागावर दोन्हींचे रंग नेमके एकमेकांवर बसले तरच नक्षी उमटते. धागा जरा सरकला की विणकर सुईने तो जागेवर आणतो. एका साडीला महिनोन्महिने जातात. गाठ कुठे पडणार हे ठरवणं, हेच तर डिझाइन! छापील नक्कल उलटून बघा, मागची बाजू फिकी असते. खऱ्या पटोळ्याला उलट-सुलट नसतंच. या माणसाला मजुरी नाही, विक्रीत वाटा मिळायला हवा.

आडवा_धागा:
वाटा हवाच, त्यावर माझं भांडण नाही. पण करार करायला कागदावर माणूस लागतो. आपल्या मानांकनाच्या कायद्यात कारागिराने त्या नावाचा 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करायची सोय आहे. आधी त्या नोंदी घरोघर जाऊन करून घ्या.

निरगाठ:
दिवसाच्या मजुरीवर घर चालतं त्याने काम टाकून अर्ज भरायचा का? नोंदीचा खर्च आणि खटपट मानांकन घेणाऱ्या संस्थेवर टाका, मग मी तुमच्या बाजूने.