मदत हवी आहे: कामिनो (स्पेनमधल्या सांतियागोची पायी तीर्थयात्रा) चालून झाल्यावर पुढे काय करावं?

पुढच्या एप्रिलपासून तीन महिने बिनपगारी रजा मंजूर झालीय. वय ४६, एकटीच जाणार. फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत, साधारण ७८० किमी. रमतगमत ४० दिवस धरलेत. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एक व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेव्हा हातात ५० उरतात. बजेट, पाठपिशवी, बूट यांचा अभ्यास झालाय. ते कृपया नको.

अडचण वेगळीच आहे. सरावासाठी गेल्या वर्षी नर्मदेकाठी ओंकारेश्वर ते महेश्वर चालले. दिवसभर मस्त. संध्याकाळी पाय गरम पाण्यात बुडवून बसले, की आपोआप फोन हातात यायचा आणि मी पुन्हा ऑफिसच्या ग्रुपवर हजर! फोन पिशवीच्या तळाशी ठेवून पाहिला, दोनच दिवस जमलं. या सवयीतून सुटायचं म्हणून तर एवढा खटाटोप. घरी आई ७५ वर्षांची, त्यामुळे फोन पूर्ण बंद ठेवता येणार नाही.

स्पॅनिश जेमतेम येतं. एवढे दिवस परदेशात एकट्याने राहिलेल्यांनी सांगा: उरलेले ५० दिवस एकाच छोट्या गावात खोली घेऊन राहू, की फिरत राहू? आणि परतल्यावर तुमच्यात टिकलेला बदल यांपैकी कशामुळे झाला?