अंतराळातल्या प्रकाश-संवादाला अतिस्थिर लेझर हवाच का?

लोलक:
माझं मत, हवाच. अतिस्थिर म्हणजे ज्याची वारंवारता जवळजवळ ढळत नाही असा. युरोपच्या ईडीआरएस या उपग्रहांमार्फत माहिती पोचवणाऱ्या यंत्रणेतली लेझर टर्मिनल्स ४५,००० किमीपर्यंत १.८ गिगाबिट प्रतिसेकंद पाठवतात. तिथे माहिती प्रकाशाच्या फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या कलेत, भरलेली असते. घेणाऱ्या बाजूला दुसरा लेझर असतो आणि त्याने येणाऱ्या लहरीशी पाऊल जुळवून चालायचं असतं. दोघांपैकी एकाची वारंवारता फार भरकटली, की शून्य कुठलं आणि एक कुठला, ते कळणंच बंद.

ध्रुवमत्स्य:
अजिबात पटत नाही. लघुग्रहाकडे निघालेल्या सायकी यानावरचा नासाचा डीएसओसी हा लेझर-संदेशाचा प्रयोग बघा. डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किमीवरून २६७ मेगाबिट, एप्रिल २०२४ मध्ये २२.६ कोटी किमीवरून २५ मेगाबिट. फेज वाचायचा प्रश्नच नव्हता! प्रकाशाचा स्पंद काळाच्या कुठल्या खणात पडला, एवढंच पाहायचं, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ५.१ मीटरच्या दुर्बिणीने गोळा केलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, एकेक करून मोजले गेले.

खरी परीक्षा नेमाची. यानावरची दुर्बीण २२ सेंमीची. तिचा झोत २२.६ कोटी किमीवर जेमतेम दीड हजार किमी रुंद होतो, म्हणजे पृथ्वीपेक्षा कितीतरी लहान. प्रकाशाला साडेबारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पृथ्वी कक्षेत २२,००० किमीहून पुढे गेलेली असते. जिथे ती आत्ता दिसतच नाही, तिथे नेम धरायचा. यान जरा थरथरलं तर अतिस्थिर लेझर काय कामाचा?

लोलक:
नेमाचं मान्य. पण सूर्य दृष्टिरेषेजवळ आला की फोटॉन मोजणारा ग्राहक (संदेश घेणारं यंत्र) सूर्यप्रकाशही मोजत बसतो. फेज वाचणाऱ्या ग्राहकात स्थानिक लेझरच अतिशय अरुंद गाळणीचं काम करतो. ही सोय तुम्ही सोडून देताय.

निरभ्र:
दोघांनीही डॉप्लर, म्हणजे वेगामुळे प्रकाशाची वारंवारता सरकणं, धरलेला नाही. सेकंदाला ७ किमी सापेक्ष वेग असेल तर १५५० नॅनोमीटरचा प्रकाश साडेचार गिगाहर्ट्झने सरकतो. एका जागी खिळलेला लेझर तिथे अडचणच. स्वच्छ आणि हवा तसा सरकवता येणारा हवा. २०२२ मध्ये एका छोट्या उपग्रहावर गेलेल्या नासाच्या टीबर्ड या लेझर-संचात तर जमिनीवरच्या फायबर जाळ्यातलेच ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारी-घेणारी यंत्रं) होते. फेज भरकटली तर गणिताने तिचा माग काढायचा. २०० गिगाबिट वेग त्यातूनच मिळाला.

लोलक:
हे पटलं, फायबरच्या लेझरवर एवढं होतं म्हटल्यावर 'हवाच' हा शब्द मागे घेतो. पण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजणारी ग्रेस-एफओ (२०१८) ही उपग्रहांची जोडी विसरू नका. सुमारे २२० किमीवरच्या दोन उपग्रहांमधल्या अंतरातला नॅनोमीटरचा फरक लेझरने मोजला, त्या लेझरची वारंवारता दोन आरशांमधल्या पोकळीला बांधून ठेवली होती म्हणूनच. उद्या एकाच झोताने संदेशही पाठवायचा आणि अंतरही इतकं काटेकोर मोजायचं ठरलं, तर?

ध्रुवमत्स्य:
मोजमापाच्या मोहिमेत ती पोकळी जरूर न्या. नुसता संदेश पाठवणाऱ्या यानावर मात्र तिचं वजन लादू नका. तेवढे किलो मोठ्या आरशाला आणि कंपनं शोषणाऱ्या बैठकीला द्या.