तारण : बायबलमधलं आणि बँकेतलं

प्रश्न : मराठी बायबलात 'तारण' म्हणजे पापातून सुटका. बँकेत 'तारण' म्हणजे कर्जापायी अडकवलेलं घर किंवा सोनं. एक सोडवतं, एक अडकवतं. शब्द एकच की निव्वळ योगायोग?

प्रतिसाद : एकच. मूळ धातू 'तॄ', तरून जाणे. बँकेतही कुणीतरी तरतंच की, फक्त तो सावकार! कर्ज बुडालं तर त्याला तारणारी वस्तू ती तारण. म्हणून 'घर गहाण पडलं' असं ऋणको म्हणतो आणि 'तारण काय देता?' असं धनको विचारतो.

प्रतिसाद : म्हणजे धर्माने बाजारातली उपमा उसनी घेतली, एवढंच ना?

प्रतिसाद : एवढंच नाही. पूर्वी कर्ज फिटलं नाही की माणूस, नाहीतर त्याची पोरंच अडकायची. 'सुटका' खरीखुरी होती. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात दर ५०व्या वर्षी मुक्ततेची घोषणा करायला सांगितलं आहे : विकलेली जमीन मूळ घराण्याकडे, विकला गेलेला माणूस आपल्या घरी. मुक्ततेच्या घोषणेची तीच ओळ अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेल या घंटेवर कोरली आहे. त्याहून जुना सुमेरी (प्राचीन इराकमधल्या भाषेतला) शब्द 'अमार्गी', शब्दशः 'आईकडे परत जाणं'. इसवीसनपूर्व २४००च्या सुमारास लगाश या सुमेरी नगराच्या राजाने कर्जं रद्द केली, त्या लेखात तो येतो. गंमत म्हणजे सरकारने बाजारात लुडबुड करू नये म्हणणारी मंडळी आज हाच शब्द बोधचिन्ह म्हणून मिरवतात. मूळ अमार्गी म्हणजे राजाने सावकारीत केलेली धडधडीत लुडबुड!

प्रतिसाद : मनुस्मृतीत (६.३५) मात्र माफीची भाषा नाही. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं फेडा, मग मोक्षाकडे मन लावा. तुकोबांनी तर स्वतः धनको असून आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. कर्जदार कुळं सुटली ती सुटलीच, वसुलीच्या फेऱ्यातून तुकोबाही सुटले.

प्रश्नकर्ता : पटलं. पण मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो, ते वाचताना दचकायला होतं. खंडणी आता गुंडांची!

प्रतिसाद : दुकानदाराकडून उकळतात ती गुंडांची. अपहरणाच्या बातमीतली खंडणी अजून जुन्याच अर्थाची आहे : पैसे टाका, माणूस न्या.