पाणंद रस्त्याला मिलिंगचं जुनं डांबरी मटेरियल बेस म्हणून चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रस्त्याच्या कामातलं कोणी असेल तर प्लीज सांगा. आमचा पाणंद रस्ता पूर्ण काळ्या मातीतला, पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा रुततो आणि हंगामात उसाची डबल ट्रॉली ह्याच वाटेने कारखान्याला जाते. जवळच्या महामार्गाचं काम चालू आहे, तिथे मशीनने खरवडलेल्या जुन्या डांबरी खडीचे ढीग पडलेत, ठेकेदार म्हणतो वाहतूक तुमची, माल फुकट न्या. आम्ही शेतकरी वर्गणी काढतोय पण क्रशरची खडी सगळी विकत घेणं झेपणारच नाही, म्हणून हा माल सोडवत नाही.

मी ढीग बघून आलो. सकाळी हातात घेतलं तर भुगा सुटा होता, दुपारच्या उन्हात त्याचेच गोळे वळायला लागले, आणि मधेमधे ताटाएवढी अख्खी ढेपळं पण निघतात. तर नुसतं हेच पसरून रोलर फिरवला तर बसेल का खडी मिसळावीच लागेल? उन्हाळ्यात ट्रॉलीखाली चाकोऱ्या पडतील का? एकजण म्हणतो वरून जळकं ऑइल मारा म्हणजे धूळ बसते, पण रस्त्याला लागूनच विहीर आहे, वस्तीचं पिण्याचं पाणी तिचंच, त्यामुळे मला ते बिलकुल पटत नाहीये.

प्रतिसाद:
दादा, जळकं ऑइल अजिबात नको, पाऊस पडला की सरळ विहिरीत उतरेल. माल चांगला आहे पण नुसता वापरू नका. डांबराच्या थरामुळे खडी एकमेकीत घट्ट अडकत नाही, भरलेली ट्रॉली एका जागी उभी राहिली की हळूहळू सरकते, उन्हात तर जास्तच. साधारण निम्मी क्रशरची खडी आणि डस्ट मिसळा, ढेपळं फोडून घ्या. पाणी बेताने मारा कारण ही खडी पाणी शोषत नाही. 100 ते 150 मिमीचा एकेक थर, 8-10 टनी व्हायब्रेटरी (थरथरत दाबणारा) रोलर, आणि रोलिंग दुपारीच करा, माल गरम असला की छान दबतो. आयआरसी 37 (इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या डिझाईनची मार्गदर्शिका) च्या 2018 च्या आवृत्तीत इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) किंवा फोम बिटुमेन (फेसाळलेलं डांबर) घालून हाच माल बेसला वापरायची पद्धत दिलीय, पण त्याला लॅबमधून मिक्स डिझाईन (कशात काय किती मिसळायचं ते प्रमाण) लागतं, पाणंदीला तेवढा खर्च करू नका.

खरा प्रश्न काळ्या मातीचा आहे. आधी दोन्ही बाजूला चर काढा, रस्ता शेतापेक्षा उंच घ्या, मुरमाचा थर दाबून मगच हा माल टाका, नाहीतर सोनं टाकलं तरी खाली जाईल. मीटरला 4 सेंमी उतार ठेवा, विहिरीपाशी तो उलट्या बाजूला द्या आणि तेवढ्या तुकड्यात साधी खडीच वापरा. अजून एक, माल खात्याचा का ठेकेदाराचा हे टेंडरवर ठरलेलं असतं, तोंडी नको, लेखी घ्या.

धागाकर्ता:
खूप आभार दादा, लेखी घेण्याचं डोक्यातच नव्हतं, उद्याच साईटवर जातो. एकच विचारतो, गावात साधा स्टॅटिक रोलर भाड्याने मिळतो, व्हायब्रेटरी तालुक्याहून आणायचा तर भाडं फार होतं. थर पातळ करून जास्त फेऱ्या मारल्या तर साध्यावर भागेल का?