छपरावर पत्रा कापताना ग्राइंडर झटका मारतो

शेडवर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा पंखा) बसवायचाय. ०.५ मिमी कलर कोटेड पत्रा वरूनच गोल कापायचा आहे. ४ इंची ग्राइंडरचं चाक मध्येच अडकतं, मोटरच्या कार्बनपाशी (वीज पोचवणारे ब्रश) ठिणग्याही फार. काय करावं?

पन्हळ: गोल कापाला निब्लर (पत्रा बारीक तुकड्यांनी कुरतडत कापणारं मशीन) घ्या. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग आणि खालचं जस्त जळतं, मग कड गंजते. ग्राइंडरच वापरणार असाल तर कीस लगेच मऊ ब्रशने झाडा; चिकटलेले कण नुसत्या दवानेही तांबूस डाग सोडतात.

फॅब्रिकेटर_नाशिक: कापलेला तुकडा खाली झुकला की फट मिटते आणि चाक चिमटतं, म्हणून झटका. तुकड्याला खालून आधार द्या. १ मिमीचं चाक कापात वळवू नका, फुटतं. गोलाई छोट्या सरळ कापांनी काढा. गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) काढायचाच नाही. चाकावरचा आरपीएम मशीनपेक्षा जास्त हवा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, तीही बघा.

वाइंडिंगवाला: कार्बन ५-६ मिमी उरले की दोन्ही एकदम बदला. नवे बसल्यावरही ठिणग्या कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं) गोल फिरत असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलंय, मशीन चालवू नका.

पन्हळ: आणि दादा, पाय स्क्रूच्या ओळीवरच ठेवा, खाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी) असते. पारदर्शक फायबर पत्र्यावर अजिबात नको. सेफ्टी बेल्टचा दोर ट्रसला (छताच्या मुख्य लोखंडी सांगाड्याला), वीज ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). शेजारी जुने सिमेंट पत्रे असतील तर त्यांना ग्राइंडर लावूच नका, त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं.