नानकटाई पसरते, आणि उरलीसुरली डब्यात चुरा होते

जाळीवरची
फराळाच्या डब्यांत नानकटाई घालून नागपूर आणि बंगळूरला पाठवायची आहे. प्रमाण असं: मैदा २ वाट्या, पिठीसाखर १ वाटी, पातळ केलेलं तूप १ वाटी, खायचा सोडा अर्धा चमचा, वेलदोडा. २८ लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन), वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १८० अंश, २० मिनिटं. पसरून एकमेकींना चिकटतात, खालून काळ्या, वरून फिक्या. ज्या धड निघतात त्यांचाही प्रवासात भुगा. नेमकं काय चुकतंय?

तूपकणी
घोळ वाटीचा आहे. १५० मिलीच्या वाटीत मैदा साधारण ८० ग्रॅम बसतो, पातळ तूप मात्र १३५. म्हणजे १६० ग्रॅम मैद्याला १३५ ग्रॅम तूप. पसरणार नाही तर काय! तूप पिठांच्या वजनाच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त हवं. वजनकाट्यावर घ्या: मैदा २००, बेसन ५०, बारीक रवा २५, साजूक तूप १५०, पिठीसाखर १२५ ग्रॅम.

तूप थिजलेलं, बोट सहज रुतेल इतपत मऊ. त्यात चाळलेली पिठीसाखर घालून पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा, हाताने ८-१० मिनिटं लागतात. पातळ तुपात हवा कोंडली जात नाही, म्हणून ते फेसून उपयोग नाही. मग चाळलेली पिठं आणि वेलदोडा घालून गोळा होण्यापुरतंच एकत्र करा. कणकेसारखं तिंबलंत तर कडक होणार. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप घाला. दूध नको, ओल मिळाली की मैद्याला चिवटपणा येतो.

२० ग्रॅमचे गोळे केले तर २७ होतात. किंचित चपटे करून ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. आधी एकच भाजून बघा. पसरली तर उरलेल्या पिठात २ चमचे मैदा मिसळता येतो, सगळा घाणा वाया जात नाही.

पावचमचा
सोड्याबद्दल कोणी बोललंच नाही. अर्धा चमचा जास्त होतो. सोडा जास्त पडला की गोळा पसरतो, रंग लवकर चढतो आणि साबणासारखी चव जिभेवर राहते. वरच्या मापाला पाव चमचा सोडा आणि फेसलेल्या तुपात १ चमचा घट्ट दही. किंवा दही-सोडा दोन्ही सोडून अर्धा चमचा बेकिंग पावडर. चमचा मापाचा, ५ मिलीचा, जेवणातला नव्हे.

बेसन घालावंच असं नाही, पण मला त्याशिवाय नानकटाई नुसतं गोड बिस्किट वाटते.

खालून जळण्याचं कारण ओटीजीबरोबर येणारा काळा ट्रे. तो उष्णता फार ओढतो. अॅल्युमिनियमचा ट्रे घ्या, नाहीतर काळ्यावर दुसरा ट्रे ठेवून बटर पेपर. १० मिनिटं आधी तापवून १६० अंशांवर, मधल्या खाचेत, एका वेळी एकच ट्रे, १८ ते २२ मिनिटं. कडा बदामी झाल्या की बंद. मधोमध मऊ लागली तरी बाहेर काढा, गार होताना घट्ट होते. गरम असताना उचललीत तर मोडणारच. १० मिनिटं ट्रेवर, मग जाळीवर.

जाळीवरची
तुपाऐवजी बटर चालेल?

तूपकणी
बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. १५० ग्रॅम तुपाइतकी स्निग्धता हवी तर बटर १८० ग्रॅम, आणि पाण्यामुळे पोत बिस्किटाकडे झुकतो. घरी लगेच संपणार असेल तर करा. पार्सलला तूपच.

डबेवाली मावशी
पार्सलसाठी तूप १० ग्रॅम कमी आणि रवा १० ग्रॅम जास्त करा. जराशी घट्ट होते, पण पोहोचते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद नको, निदान २ तास. आतली वाफ बसली की दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. आडव्या थप्प्या न रचता बांगड्यांसारख्या उभ्या लावा, दोन रांगांत बटर पेपर. डबा हलवून बघायचा, खडखड ऐकू आली तर चुरगळलेला कागद कोंबा. नानकटाईचा डबा वेगळाच असू द्या. चकली-चिवड्याचा मसाल्याचा वास ती लगेच ओढून घेते, आणि लाडवाशेजारी ठेवली तर ओल धरते.